मुद्दलाला हात न लावता

तळघरातल्या लांब टेबलाशी ऑर्विन टेंगस्डाल बसलाय,
टोपी गुडघ्यावर, चेक खिशात.
शनिवारी त्याने कापणीचं यंत्र विकलं.
मी या चर्चची खजिनदार, एकोणीस वर्षं,
कॉफी ओतते आणि सांगते
जे सगळ्यांनाच सांगत आले:

हे पैसे आम्ही खर्च करणार नाही.

तो वर बघतो. सगळेच बघतात.
देणाऱ्याला वाटतं, दिलं की लागलं कामाला,
छपराला, भट्टीला, पाळकाच्या पगाराला.
त्यासाठी रविवारची थाळी फिरते, ऑर्विन,
आणि सोमवारी ती रिकामी असते.
हे मुद्दल. याला हात लावायचा नाही,
मी नाही, पाळकाने नाही,
उद्या या खुर्चीत जो बसेल त्यानेही नाही.
बियाण्याचं पोतं कुणी दळायला नेतं का,
नॉर्थ डकोटाच्या गहूवाल्याला मी काय सांगायचं.

वर्षाला शंभरातले चार काढायचे.
तेही मागच्या तीन वर्षांची सरासरी धरून,
म्हणजे बाजार उधळला तरी आपण उधळत नाही,
कोसळला तरी भट्टी विझत नाही.
चाराच्या वर जे उगवेल ते परत मातीत,
कारण महागाईही कुरतडत असते,
कोठारातल्या उंदरासारखी, रात्रीची.

"आणि मी मेल्यावर?"
तेव्हाच तर खरं सुरू होतं,
असं ओठांवर आलं. कॉफीबरोबर गिळलं.

"अट घालता येते?"

येते. हल्डिस क्वाम्मेने घातली होती.
चाळीस एकर विकले आणि लिहून ठेवलं: फक्त ऑर्गनसाठी.
ऑर्गन वाजवणारी शेवटची बाई
मुलाकडे बिस्मार्कला गेली, त्याला सात वर्षं झाली.
आता आम्ही चौदा जण तोंडानेच सूर धरतो,
सुटला तर सुटला.
पण दर ऑक्टोबरात हल्डिसचे चार टक्के येतात,
दुसरीकडे वळवता येत नाहीत,
म्हणून फार्गोहून डेलमार येतो, हत्यारांची पेटी घेऊन.
छप्पर गळतंय, खाली बादली,
आणि बादलीशेजारी सहाशे बारा नळ्या
एकूण एक सुरात.

म्हणून म्हणते, अट सैल ठेव.
"शक्यतो" लिही. "फक्त" लिहू नकोस.
"फक्त" हा शब्द माणसांपेक्षा जास्त जगतो.

तो बराच वेळ टोपीची कड फिरवत राहतो.
"दफनभूमीचा रस्ता," म्हणतो. "बर्फ काढायला. जानेवारीत."

मला आठवतं. आम्हा सगळ्यांनाच आठवतं.
व्हर्डेलची गाडी फाटकाशीच रुतली,
मग सहा जणांनी तिला मांडीभर बर्फातून उचलून नेलं,
त्यातले चार सत्तरी ओलांडलेले,
आणि मागून ऑर्विन,
हातात फावडं, ज्याने काहीच होणार नव्हतं.

मी हिशेब करते, खोडच ती.
एकतीस हजारांचे चार टक्के, बाराशे चाळीस.
ट्रॅक्टरवाला फेरीला ऐंशी घेतो.
पंधरा वेळा रस्ता मोकळा, चाळीस डॉलर हातात उरतात.
दर हिवाळ्यात. आम्ही चौदा नसलो तरी.
चर्चच बंद पडलं तर कागद सिनडकडे जातील,
कलम नऊ, तेही वाचून दाखवते.
त्याला कलमात रस नाही.

पेन घेतो. जाड बोटांनी, सावकाश लिहितो:
फक्त.

मी खोडायला लावायला हवं होतं.
समिती मला विचारेल, आणि बरोबरच विचारेल.
पण एक गोष्ट मी कुठल्याच रकान्यात लिहिलेली नाही:
काम संपलं की डेलमार तासभर वाजवतो,
तपासायला म्हणून.
रिकामं चर्च, भट्टी बंद.
तिसऱ्या बाकावर मी, कोट न काढता.
मधूनच बादलीत थेंब पडतो,
आणि डेलमार मान वळवून ऐकतो,
सुरात आहे का.